लॅमिनेशन केलेला रस्ता

मी लोणावळ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भूगोल हा माझा मुख्य विषय आहे, आणि आजवर मी अठरा माणसांना धरणात पाठवलेलं आहे. त्यातली दोनच भिजली, हे आधी सांगून टाकते. आमच्या वाडीत ही गोष्ट सांगताना लोक अठराच्या अठरा भिजवतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा एक पक्का गैरसमज आहे. पंखा बंद पडला, रेशनकार्डावर नाव चुकलं, म्हैस वैरण खाईना, की आई म्हणते, "सुजाला इचारा." मला त्यातलं काहीच येत नसतं. पण माझा प्रवेश झाला त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, अख्ख्या वाडीला साखर वाटली होती. एवढी साखर खाल्लेल्या लोकांसमोर "मला माहीत नाही" असं म्हणायला जीभ वळत नाही.

आई लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. शनिवार-रविवार पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हा तर जावंच लागतं. पाहुणे यादी देतात, आई ती शिजवते. पनीर, पास्ता, पुन्हा पनीर. एकदा गुजरे मॅडम म्हणून पुण्याच्या एक बाई तिथे उतरल्या होत्या. त्या एका सायकल ग्रुपच्या प्रमुख. पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या, तर आई कोपऱ्यात बसून आपला डबा खात होती. वालाची आमटी आणि तांदळाची भाकरी. मॅडमनी एक घास मागून घेतला.

"मावशी, हे आम्हाला का नाही वाढलंत?"

"त्ये यादीत न्हाई, मॅडम. त्ये माझं हाय."

मॅडमनी तिथेच ठरवलं. त्यांचा ग्रुप महिन्यातून एकदा मावळात येतो. पुढच्या खेपेला शनिवारी लोणावळ्यात मुक्काम, रविवारी सकाळी सायकली काढून कार्ला, कामशेत आणि तिथून वडिवळ्याच्या धरणाच्या बाजूनं आमची वाडी. आमच्या अंगणात जेवण आणि दोनच्या आत पुण्याकडे परत. जमलं तर दर महिन्याला.

आई त्या दिवशी घरी आली. घासलेली पातेली पुन्हा घासायला बसली. तिसरं पातेलं झाल्यावर म्हणाली, "महिन्यातनं एक आयतवार तरी आपल्या चुलीवर रांधीन. आपल्या मनानं." एवढंच. पण आई मनातलं इतकं कधी बोलत नाही, म्हणून मी तिच्याकडे बघतच राहिले.

मॅडमची एकच अट होती. "तिकडे रेंज नसते म्हणतात. रस्त्याचा छापील नकाशा मिळाला तर बरं."

"नकाशा व्हय?" आई म्हणाली होती. "आमची सुजा त्येच तर शिकती."

आता हे खरं आहे की आम्ही नकाशे शिकतो. पण आम्ही शिकतो ते वहीत, पेन्सिलीनं, आणि बहुतेक करून दुसऱ्या देशांचे. तरी मी कॉलेजच्या संगणक कक्षात जाऊन बसले. सायकलचे मार्ग आखून देणारी एक वेबसाइट असते. आपण नकाशावर टिचकी मारायची, दुसरीकडे दुसरी टिचकी मारायची, की मधली रेघ आपोआप रस्त्याला चिकटते. किती किलोमीटर, किती चढ, कुठे वळायचं, सगळं तीच लिहून देते. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

पहिल्या टिचकीला रेघ एक्सप्रेस वेला चिकटली. तिथे सायकल नेली तर पोलीस जेवण घालतील, आई नाही. मी ती पुसली. दुसऱ्या वेळी ‘सायकल’ असं चित्र निवडलं, तर रेघ कार्ल्याला जाऊन लेण्यांच्या पायऱ्या चढली, वर थोडी घुटमळली आणि त्याच पायऱ्यांनी खाली आली. का, ते तिलाच ठाऊक. तिसऱ्या वेळी ती कामशेतपर्यंत शहाण्यासारखी गेली. पण तिथून पुढे तिनं जो वेढा घेतला तो बघून मलाच धाप लागली. धरणाच्या भिंतीकडून, घाट चढून, डोंगराच्या पाठीमागून, मग आमची वाडी. दमलेल्या माणसांना उपाशीपोटी घाट चढवायचा?

म्हणून मी उपग्रहाचं चित्र लावलं आणि हातानं रेघ ओढायची ठरवली. चित्र मोठं करत गेले, आणि मला तो दिसला. तपकिरी, स्वच्छ, सरळ रस्ता. कामशेतच्या बाजूकडून निघून थेट आमच्या वाडीच्या टेकाडाखाली येणारा. मी तो लगेच ओळखला. का नाही ओळखणार? मे महिन्यात त्याच रस्त्यानं मी मावशीकडे पापडाचं पीठ पोचवलं होतं. त्याच्या कडेला दगडी कठड्याचा एक तुकडा आहे, तोसुद्धा चित्रात दिसत होता. मी रेघ ओढली. वेबसाइटनं लिहिलं, ‘अनामिक रस्त्यावर ९०० मीटर सरळ जा.’ सगळा घाट वाचला होता. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या संगणकावरच्या मुलाला मी विनाकारण "झालं माझं" असं सांगितलं.

वाचकांच्या मनात आता एक प्रश्न आला असेल. माझ्या मनात तो तेव्हा आला नाही.

घरी येऊन मी आबांना मोबाईलवर उतरवून आणलेला मार्ग दाखवला. शेवटी वाट त्यांनाच जास्त ठाऊक. आबांनी चष्मा चढवला.

"ह्ये काय लिवलंय?"

"अनामिक रस्ता. म्हणजे नाव नसलेला."

आबांना ते लागलं. "नाव नसलेला? चिंचेचा रस्ता त्यो! तीन चिंचा हुत्या वळणाला. तुज्या आजीला मी त्याच रस्त्यानं बैलगाडीतनं आणलती. नाव न्हाई म्हणं."

"पण रस्ता बरोबर आहे ना, आबा?"

"बरोबर? अगं ह्याच्यावानी रस्ता न्हाई पंचक्रोशीत. सरळ येतोय. ह्योच दे त्यांला." मग बराच वेळ ते त्या रेघेवरून बोट फिरवत बसले. बोटानं रेघ हलत होती, चित्र निसटत होतं, आणि दर वेळी मी ते पुन्हा जागेवर आणून देत होते. "कागदावर आला म्हणायचा आपला रस्ता," ते म्हणाले.

अशा रीतीनं भूगोलाची विद्यार्थिनी आणि वाडीतला सर्वांत जाणता माणूस, दोघांनी मार्ग तपासून मंजूर केला.

छपाईसाठी मी कामशेतच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार भाऊ फार मदतीचे आहेत. तेवढी मदत त्यांनी केली नसती तर बरं झालं असतं. आधी नकाशा सहा पानांवर छापून आला. पहिल्या पानावर लोणावळा, सहाव्यावर आमची वाडी, आणि मधल्या चार पानांवर मला न ओळखू येणारे डोंगर.

"एका पानात बसवू का, ताई?"

"बसेल का?"

"बसवू की." त्यांनी बसवलं. लोणावळा आणि कार्ला एकमेकांच्या मांडीवर येऊन बसले. रंगीत शाई संपली होती म्हणून काळ्या-पांढऱ्यात काढलं. खालची बारीक अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून ती पट्टी त्यांनी कात्रीनं सरळ उडवली. (तीत माझा फोन नंबर होता.) आणि मी चहा घेऊन परत येईपर्यंत अठराच्या अठरा प्रती लॅमिनेशन करून तयार.

"पाण्यापावसाचं भिजायला नको," भाऊ म्हणाले. "आता धरणात पडला तरी काय होत नाही बघा ह्याला."

मी त्यांचे आभार मानले. शनिवारी लोणावळ्याला जाऊन तो गठ्ठा मॅडमच्या हातात दिला. मॅडम म्हणाल्या, "वा, किती व्यवस्थित काम आहे." मीही मान डोलावली.

रविवारी आई कोंबड्याच्या आधी उठली. वडील कंपनीत, पहिल्या पाळीला. म्हणजे घरात आई, आबा आणि मी. या वर्षीचं भात नुकतंच घरात आलं होतं, त्याचा वास सगळ्या वाडीत पसरला. आमटी झाली, ठेचा झाला. भाकऱ्या मात्र आईनं थोपल्या नाहीत.

"भाकरी गरमच ताटात पडली पायजे," ती म्हणाली. "आबा, तुमी टेकाडावर बसा. सायकली दिसल्या की हाळी द्या. हाळी आली की मी तवा ठेवते."

आबा टेकाडावर जाऊन बसले. सव्वाबाराला हाळी आली. "आले गं, आले!"

आईनं तवा ठेवला. मी गूळपाण्याचं ताट घेऊन वाटेवर धावले. वाटेवर कोणी नव्हतं. मी टेकाड चढून आबांजवळ गेले.

"आबा, कुठायत?"

"त्ये काय."

आबांनी बोट दाखवलं. समोर धरणाचं पाणी होतं, काठोकाठ. डिसेंबरात ते असंच असतं. आणि त्या पाण्याच्या पलीकडच्या काठावर पिवळे, नारिंगी, पोपटी असे अठरा ठिपके ओळीनं उभे होते.

"बरोबर जागी आल्यात," आबा समाधानानं म्हणाले. "चिंचेच्या रस्त्याचं तोंड हाय त्ये."

"मग थांबलेत का?"

आबांनी कपाळावर आडवा हात धरला. बघितलं. विचार केला.

"पाणी हाय न्हवं मधी," ते म्हणाले.

मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

चिंचेचा रस्ता धरण व्हायच्या आधीचा. धरण झालं आणि तो बुडाला. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो वर येतो आणि आम्ही सगळे तो वापरतो, जूनमध्ये तो पुन्हा खाली जातो. आमच्या वाडीत रस्ता बुडाला असं कोणी म्हणत नाही. रस्ता आहेच, कधी वर असतो, कधी खाली. मी रोज सकाळी ते पाणी बघते आणि दर मे महिन्यात त्या रस्त्यानं चालते, पण दोन्ही एकाच जागी आहेत हे मला संगणकासमोर सुचलं नाही. चित्र अर्थातच उन्हाळ्यातलं होतं. पावसाळ्यात ढग येतात म्हणून उपग्रहाची चित्रं बहुधा कोरड्या दिवसांतली निवडतात. हे उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं आणि सरांनी त्याला ‘उत्तम’ असा शेरा दिला होता.

खालून आईचा आवाज आला. "आले का?"

आबा खोटं बोलत नाहीत. "आल्यात."

"मंग बसवा की त्यांला!"

"उभंच हायती."

"बारा भाकऱ्या झाल्या. अजून टाकू का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं. "टाक," आबा म्हणाले.

तेवढ्यात पलीकडचा एक पिवळा ठिपका पुढे सरकला. ते एक निवृत्त बँक अधिकारी होते, हे मला नंतर कळलं. कागदावर लिहिलेलं मोडायचं नाही, अशी त्यांची आयुष्यभराची शिस्त. कागदावर रेघेशेजारी ‘सरळ जा’ असं होतं. ते सरळ गेले. पाणी पायडलला लागलं तरी गेले. मग एक नारिंगी ठिपका धावत पाण्यात शिरला आणि त्यानं पिवळ्याला कॉलरला धरून मागे ओढलं. त्या त्यांच्या मिसेस होत्या. भिजलेली दोघं ती हीच.

पाण्यावरून आवाज छान येतो. मॅडमचा आवाज आला. "रस्ता कुठाय?"

मी तोंड उघडायच्या आत आबा उभे राहिले. "हितंच हाय! तुमच्या म्होरं!"

"दिसत नाही!"

"पाण्याखाली हाय! चांगला हाय रस्ता, पक्का!"

"आबा, गप्प बसा ना," मी म्हणाले.

"का गप? खोटं हाय का?"

मग मॅडम. "फिरून किती वेळ लागेल?"

"लय न्हाई! धरणाच्या भिताडावरनं, घाट चढून! दीड-दोन तास!"

ठिपके एकमेकांजवळ आले, पुन्हा लांब झाले. "आम्हाला अंधाराच्या आत पुण्याला पोचायचंय! निघतो आम्ही! मावशींना सॉरी सांगा!" आणि एकेक सायकल वळायला लागली.

मी वळून बघितलं तर मावशी, म्हणजे माझी आई, माझ्या मागेच उभी होती. कोपरापर्यंत पीठ. तिनं पाणी बघितलं, ठिपके बघितले, माझ्याकडे बघितलं.

"आई, माझं चुकलं. मी तो चिंचेचा रस्ता..."

चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती माझ्या शेजारून पुढे गेली, पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं हाक मारली. खाचराच्या पार पलीकडच्या बांधावरच्या माणसाला जेवायला बोलवायची ती हाक आहे, तिला रेंज लागत नाही.

"ओ मॅडम! हलायचं न्हाई! जेवान तिकडं आणते!"

अठरा सायकली थांबल्या. थांबाव्याच लागल्या. मी असते तरी थांबले असते.

काठाला किसनमामा जाळं सोडवत बसले होते. ते धरणात मासे धरतात, वाडीतली एकमेव होडी त्यांची.

"किसन, होडी काढ," आई म्हणाली.

"काय न्यायचंय?"

"आमटी."

मामांनी जाळं खाली ठेवलं. "आमटी कवा न्हेली न्हाई मी."

"मी कवा होडीत बसले न्हाई. चल."

हे खरं होतं. आईचं सगळं आयुष्य या धरणाच्या काठी गेलं, पण पाण्याला ती भिते. नळाला पाणी नसलं तरी धरणावर कपडे धुवायला मला पाठवते. ती आमटीचं पातेलं दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, भाकऱ्यांचं टोपलं मांडीवर घेऊन, डोळे गच्च मिटून बसली. आबा काठावरून सूचना देत होते.

"किसन, चिंचेच्या रस्त्यानंच ने. सरळ पडतंय."

मामांनी तसंच नेलं. मी बघत होते. होडी माझ्या रेघेवरून गेली, अगदी तंतोतंत, नऊशे मीटर सरळ. माझा मार्ग अचूक होता. सायकलचं चित्र निवडायला नको होतं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला माझी पाळी. भाताचं पातेलं, ठेच्याचा डबा, पाण्याचा कॅन आणि मी. होडी कडेपर्यंत भरली. पलीकडे पोचले तेव्हा सायकलवाले झाडाखाली गोल करून बसले होते, बँकवाले काका उन्हात मोजे वाळवत होते, आणि आई मधोमध पळी घेऊन उभी होती. इतकं छान दृश्य होतं की माझ्या जिवात जीव आला.

"ताटं?" आई म्हणाली.

ताटं आम्ही विहारातून मागून आणली होती. स्टीलची, वीस, पोत्यात बांधलेली. ते पोतं पलीकडच्या काठावर होतं. इथून दिसत होतं. त्यावर आबा बसले होते.

"मी आत्ता जाऊन..."

"दोन वाजतील," आई म्हणाली. ती एवढंच म्हणाली, पण आता तिचा आवाज हलला. सकाळपासून पहिल्यांदा. होडीत हलला नव्हता. अठरा माणसं उपाशी, सगळं अन्न समोर तयार, आणि वाढायला काही नाही. मी जमीन कुठे फाटते का ते बघत होते.

तेव्हा बँकवाल्या काकांनी पाठीमागच्या खिशातून नकाशा काढला. तो त्यांनी रुमालानं दोन्ही बाजूंनी पुसला, मांडीवर आडवा ठेवला आणि म्हणाले, "वाढा, मावशी."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग लोणावळ्यावर भाकरी ठेवली, कार्ल्यावर ठेचा, आणि कामशेतपासून वडिवळ्यापर्यंत भात. भाताला आळं करून त्यात आमटी. काकांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या आत सतरा नकाशे पुढे आले होते.

"मॅडम, कसं झालंय?" आईनं विचारलं. एवढ्या वर्षांत तिनं बंगल्यावर हा प्रश्न कोणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

मॅडमचं तोंड भरलं होतं. त्यांनी फक्त नकाशा पुढे केला. आईनं त्यावर अजून भात वाढला.

आता ते दर महिन्याला येतात. त्या रविवारी आई बंगल्यावर जात नाही, तसं तिनं तिथे सांगून टाकलंय. ग्रुप त्याच काठाला, त्याच झाडाखाली बसतो. रस्ता त्यांना पाठ झालाय, कारण तो तिथेच संपतो. होडीतून डोळे उघडे ठेवून पाणी पार करण्याइतकी आई धीट झाली आहे. ताटांचं पोतं आता पहिल्या खेपेलाच जातं, पण त्यात कोणी हात घालत नाही. मॅडम म्हणतात, नकाशावर जेवल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. झेरॉक्सवाल्या भाऊंचं लॅमिनेशन खरंच पक्कं आहे. जेवणं झाली की मी अठराच्या अठरा नकाशे धरणात धुते, घरी आणते आणि साड्यांच्या शेजारी दोरीवर वाळत घालते.

मागच्या महिन्यात ते चिमट्याला लावत होते, तर आई दारात येऊन उभी राहिली. त्या रविवारनंतर माझ्या नकाशाबद्दल ती पहिल्यांदाच काही बोलणार होती, म्हणून मी जरा घाबरले.

"कागद चांगला काढलायस," ती म्हणाली. "पन पुढच्या खेपंला जरा वर कडा असलेला काढ. आमटी वाहून जाती."

नकाशात जमिनीचा उंचसखलपणा दाखवावा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. माझ्या नकाशात तो नाही, हे सरांच्या आधी आमटीनं ओळखलं.